दिवेलागणीचे शेजारी

आमच्या कोकणातल्या घरी भिंतीवर घड्याळ होते, पण त्याला चावी द्यायची कुणी विसरले की ते दोन-दोन दिवस बंद असे. संध्याकाळची वेळ मात्र कधी चुकत नसे. पश्चिमेच्या भिंतपाख्यावर, आढ्याच्या जरा खाली, बोटभर रुंदीची एक फट होती. उन्हे उतरली, माडांच्या शेंड्यांवरचा तांबूस रंग विझू लागला की त्या फटीतून एक काळा ठिपका सुटे. आता जमिनीवर आपटणार असे वाटते न वाटते तोच वळण घेऊन तो अंगणावर फिरू लागे. मग दुसरा, मग तिसरा. आम्ही मुले ओटीच्या पायरीवर बसून मोजत असू. साठ-सत्तरच्या पुढे गणती चुके आणि भांडण सुरू होई. आतून आजी विचारी, "पाकोळ्या सुटल्या का रे?" आम्ही "हो" म्हटले की ती हात धुऊन देवापाशी निरांजन लावी.

पाकोळी म्हणजे किडे खाणारे छोटे वटवाघूळ. झाडावर लटकणारे आणि फळांवर जगणारे ते वाघूळ. घरात राहणारी ती पाकोळी, असा आमच्याकडचा हिशेब. वाघळे चिकूंचा फडशा पाडत म्हणून त्यांना शिव्या बसत. पाकोळ्यांना कुणी काही म्हणत नसे. माळ्यावर त्यांच्या तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या पडत. त्या वर्षातून एकदा झाडून फुलझाडांना घालायच्या, एवढाच काय तो संबंध.

हे सगळे आज आठवायचे कारण असे, की त्या पाकोळ्या मी घालवल्या.

२०२० चा मे महिना. मी पुण्यात घरात अडकून पडलो होतो. मोबाइलवर दिवसाला वीस निरोप येत आणि त्यांतल्या निम्म्यांत वटवाघळाचे चित्र असे. गावी काकू एकटी, वय पंचाहत्तर. डोक्यावर पाकोळ्यांची वस्ती. एका रात्री माझा धीर सुटला. शाकारणीला येणाऱ्या गड्याला फोन करून सांगितले, कौले परतशील तेव्हा भिंतपाख्यावरच्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवून टाक. त्याने भर दुपारी, पाकोळ्या आत झोपलेल्या असताना, सांगितलेले काम चोख केले. काकूला मी विचारलेही नव्हते.

पुढच्या वर्षी कौले उतरवली तेव्हा आढ्याशी वाळलेल्या पाकोळ्या सापडल्या. काकूने त्या सुपात गोळा केल्या. एकीच्या पोटाशी शेंगदाण्याएवढे पिल्लू चिकटलेले होते, ते तसेच. काकूने फोन केला आणि एवढेच म्हणाली, "अरे, घरात राहणाऱ्याला निदान सांगून तरी दार लावावं." ती स्वतःबद्दल बोलत होती की पाकोळ्यांबद्दल, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

मग मी वाचू लागलो. खरे तर हे आधी करायला हवे होते.

पहिली गोष्ट कळली ती ही, की आपण ज्याला उडणारा उंदीर समजतो त्याचा उंदराशी काही जवळचा संबंध नाही. जनुकांचा नातेवाईकपणा पाहिला तर वटवाघूळ हे उंदरापेक्षा घोडा, कुत्रा, एवढेच काय देवमासा यांच्या जवळचे आहे. जगात वटवाघळांच्या १४०० हून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींत साधारण एक वटवाघळाची. भारतात सुमारे १३० जाती आढळतात. त्यांतल्या फळे खाणाऱ्या जेमतेम डझनभर, उरलेल्या जवळजवळ सगळ्या किड्यांवर जगणाऱ्या. त्यांचा पंख म्हणजे खरे पाहता हात. आपल्यासारखीच हाताची बोटे, फक्त कमालीची लांबलेली, आणि त्यांच्यामध्ये छत्रीच्या कापडासारखी ताणलेली पातळ कातडी. अंगठा तेवढा मोकळा, आकड्यासारखा. उलटे लटकण्यातही कसले कष्ट नाहीत. शरीराच्या भारानेच पायाच्या नखांचे स्नायुबंध ताणले जातात आणि पकड आपोआप बसते. सुटायचे तेव्हाच जोर लावायचा.

आमच्या पाकोळीसारख्या चिमुकल्या जातींचे वजन एखाद्या रुपयाच्या नाण्याएवढे असते. एवढ्या आकाराचा उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो. वटवाघळांचे तसे नाही. सैबेरियात खुणेचे कडे घालून सोडलेले एक सात-आठ ग्रॅमचे वटवाघूळ ४१ वर्षांनी पुन्हा जिवंत सापडले! मात्र दीर्घायुष्याची किंमत त्यांना मोजावी लागते. उंदरासारखी डझनभर पिल्ले त्यांना होत नाहीत. बहुतेक जातींत माणसासारखे एका वेळी एकच पिल्लू, काही जातींत जुळे. एका दुपारी एखादी वस्ती मारली गेली, तर ती भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. हे वाचताना मला ते सूप आठवत होते.

आता त्या आवाजाच्या विद्येबद्दल. या शोधाची कथा मोठी गमतीची आहे. १७९३ मध्ये इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी या संशोधकाच्या लक्षात आले, की मेणबत्ती विझली की पाळलेले घुबड खोलीत धडपडते, पण वटवाघूळ खुशाल उडत राहते. त्याने वटवाघळांचे डोळे निकामी करून पाहिले. त्या काळात अशा प्रयोगांना फारसे कुणी क्रूर म्हणत नसे. आंधळी वटवाघळेही अडथळे चुकवत सुखरूप उडाली. पुढे जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी त्यांचे कान बंद केले, आणि ती भिंतींवर आपटू लागली! म्हणजे वटवाघूळ कानांनी पाहते. पण पाहते कशाने? खोलीत तर आवाजच नव्हता. क्यूव्हिए या फ्रान्सच्या बड्या शास्त्रज्ञाने सांगून टाकले, की हे सगळे स्पर्शज्ञान आहे. मोठ्या माणसाचे मत पडल्यावर चर्चा संपायची ती संपली. सुमारे १४० वर्षे हे कोडे फडताळात पडून राहिले.

१९३८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात शिकणारा डोनाल्ड ग्रिफिन नावाचा तरुण पिंजऱ्यात वटवाघळे घेऊन पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पिअर्स यांच्याकडे गेला. माणसाला ऐकू न येणारे उंच पट्टीचे आवाज टिपणारे यंत्र पिअर्स यांच्याकडे होते. यंत्रासमोर पिंजरा धरताच ते कडकडू लागले. शांत वाटणारी खोली आवाजाने भरून गेलेली होती. मग ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलॅम्बोस यांनी प्रयोगांची मालिका करून दाखवून दिले, की वटवाघूळ ओरडते आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखते. १९४४ मध्ये ग्रिफिनने या विद्येला नाव दिले. मराठीत आपण तिला प्रतिध्वनिवेध म्हणू.

वाचून जे पटले नसते ते मला एका मित्राच्या डबीने पटवले. हा मित्र प्राणिशास्त्र शिकवतो. खिशातल्या ट्रान्झिस्टरएवढे त्याचे यंत्र वटवाघळाचा आवाज आपल्या कानांच्या आवाक्यात आणते. एका संध्याकाळी आम्ही मुठेकाठी रस्त्यावरच्या दिव्याखाली उभे राहिलो. वर दोन पाकोळ्या घिरट्या घालत होत्या. वाहने सोडली तर आवाज शून्य. त्याने खटका दाबला आणि डबीतून टक, टक, टक सुरू झाले, कुणी सावकाश टाळ्या वाजवाव्यात तसे. एकाएकी लय वाढली, टकटकटक झाले आणि शेवटी कापड टरकावल्यासारखा प्रर्र असा आवाज येऊन क्षणभर शांतता. मित्र म्हणाला, "घास लागला." पुन्हा टक, टक, टक.

त्या आवाजात सगळे शास्त्र होते. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तोही कान तरुण असताना. पाकोळीची हाक त्याच्या दुप्पट उंच पट्टीची. मोकळे हिंडताना ती सेकंदाला दहा-बारा हाका देते. समजा, साडेतीन मीटरवर एखादे चिलट आहे. हाक तिथे जाऊन परतायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. तेवढ्या फरकावरून तिला अंतर कळते. दोन कानांत प्रतिध्वनी कसा वेगवेगळा पोचतो त्यावरून दिशा कळते. सावज जवळ येईल तसा प्रतिध्वनी लवकर परततो, म्हणून हाका वाढत जातात आणि अखेरच्या क्षणी सेकंदाला दीडशे-दोनशे होतात. तोच तो प्रर्र. काही जातींची हाक तोंडाजवळ मोजली तर ११० डेसिबलच्या वर जाते; ढोलताशाच्या पथकाला खेटून उभे राहण्यासारखेच ते. आपल्याच ओरडण्याने कान किटू नयेत म्हणून हाक देण्याच्या ऐन वेळी कानातला एक छोटा स्नायू आवाजाची वाट आवळतो आणि लगेच सैल सोडतो. एवढे ओरडायला ताकद कुठून येते? पंखाचा फटकारा आणि हाक ही एकाच दमात होतात; उडण्याच्या खर्चात ओरडणे फुकटात बसते. आमच्या आजीला हा काटकसरीचा प्रकार फार आवडला असता.

काही जातींनी ही विद्या आणखी पुढे नेली आहे. नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडीची घडी असलेली वटवाघळे आपल्या लेण्यांत, किल्ल्यांत पुष्कळ आहेत. ती तोंडाने नव्हे, नाकाने हाक देतात. फलाटावर उभे असताना येणाऱ्या गाडीची शिटी उंच लागते आणि गाडी निघून जाताच पट्टी उतरते, हे आपण अनुभवलेले असते. उडत्या वटवाघळाच्या प्रतिध्वनीचेही तसेच होते, पट्टी चढते. पण याचे कान एकाच ठरावीक पट्टीला विलक्षण तीक्ष्ण असतात. तेव्हा ते उडताना आपली हाकच तेवढी खाली उतरवते, म्हणजे प्रतिध्वनी नेमका हव्या त्या पट्टीवर येऊन पडतो! जर्मनीच्या हान्स-उलरिच श्निट्झलर यांनी हे १९६८ मध्ये दाखवले. त्या स्थिर स्वरात पतंगाच्या पंखांची फडफड तेवढी थरथरते, आणि पानांच्या गर्दीतही सावज ओळखू येते.

ही विद्या आली कुठून? इथे गोष्ट आपल्या शेजारच्या गुजरातेत येते. सुरत जिल्ह्यात वस्तान येथे लिग्नाइटची खाण आहे. तिथल्या पाच कोटी वर्षांहून जुन्या थरांत वटवाघळांचे मिलिमीटरच्या मापाचे दात आणि जबड्यांचे तुकडे सापडले. २००७ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून त्यांतून सात जाती नोंदवल्या. जगातल्या सर्वांत जुन्या वटवाघळांत त्यांची गणना होते. त्या काळी आपला भूखंड आशियाकडे सरकत होता आणि हिमालय अजून उंच व्हायचा होता.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात सुमारे सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीचे सांगाडे सापडले आहेत. त्यांतल्या एका जातीचे वर्णन २००८ मध्ये झाले. तिच्या पाचही बोटांना नखे होती, पंख उडण्याजोगे होते, पण आतल्या कानाची घडण लहान होती. म्हणजे वटवाघूळ आधी उडायला शिकले आणि प्रतिध्वनिवेध नंतर आला, असे त्यावरून काहींनी म्हटले. तो वाद मिटलेला नाही. जनुकांच्या अभ्यासाने त्यात आणखी गुंता केला. नालनाकी वटवाघळे किडे खाणारी असूनही आमच्या पाकोळीपेक्षा फळे खाणाऱ्या वाघळांची जवळची भावंडे निघाली. तेव्हा ही विद्या एकदाच आली आणि वाघळांनी ती गमावली, की दोनदा वेगवेगळी आली, यावर अजून खल चालू आहे.

शिकारी शहाणा झाला की सावजही शहाणे होते. पुष्कळ पतंगांना वटवाघळाची हाक ऐकू येईल असे कान फुटले. केनेथ रोडर यांनी दाखवले, की दुरून हाक आली तर पतंग पाठ फिरवून पळतो. अगदी जवळून आली तर पंख मिटून दगडासारखा खाली पडतो. अमेरिकेतला एक पतंग तर स्वतःच टिकटिक असा आवाज भराभर काढून वटवाघळाचा प्रतिध्वनी गोंधळात टाकतो, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. आमच्या अंगणातल्या दिव्याभोवती पतंग एकाएकी गिरकी घेऊन का कोसळत, याचे एक कारण मला इतक्या वर्षांनी कळले.

आणि आजीचे घड्याळ? त्याचाही उलगडा मदुराईत झालेला आहे. तिथल्या कामराज विद्यापीठातले एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी अंधाऱ्या गुहेतल्या वटवाघळांचा अभ्यास करीत. आत उजेडाचा किरण नाही, मग संध्याकाळ झाली हे त्यांना कसे कळते? त्यांनी एका वटवाघळाला गुहेतच पिंजऱ्यात ठेवले. बाकीची बाहेर पडत, परत येत; कोंडलेल्याची जाग-झोपही त्यांच्याबरोबर बिनचूक चाले. पण सोबती नसलेल्या गुहेत ठेवल्यावर त्याचे आतले घड्याळ हळूहळू भरकटले. सोबत्यांच्या येण्या-जाण्यावरच ते आपली वेळ लावून घेत होते. १९८१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पाकोळ्यांवर वेळ लावणारी आमची आजी काही जगावेगळे करीत नव्हती.

या प्राण्यांची मोजदाद आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली. तिच्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ, बारापेडे गुहेत, एक अनोखे वटवाघूळ मिळाले. त्याचे शेपूट पडद्याबाहेर मोकळे सुटलेले. पाहणीसाठी झटणाऱ्या रॉटन यांचे नाव १९१३ मध्ये त्याला मिळाले. पुढे कित्येक दशके जगात त्याचा तो एकच पत्ता ठाऊक होता. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही दिसले. एका गुहेचे तोंड बंद झाले तर एक जात संपावी, अशी ही परिस्थिती होती.

हे किडे खाणे म्हणजे किती? पिल्लाला पाजणारी मादी एका रात्रीत आपल्या निम्म्या वजनाहून अधिक किडे फस्त करू शकते. लेंड्या कोरड्या करून चिरडल्या तर नुसती चकचकीत भुकटी निघते, किड्यांच्या कवचांची आणि पंखांची. पाकोळी डासच खाते असे सांगितले जाते, ते अर्धेच खरे. चिलटे, भुंगे, पतंग, पंख फुटलेली वाळवी, मिळेल ते ती खाते. थायलंडमध्ये भातावरचे पांढऱ्या पाठीचे तुडतुडे वटवाघळांची एक जात खाते. त्यामुळे वर्षाला सुमारे २९०० टन भात वाचतो, असा हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला. तीच जात भारतातही आहे, आणि तुडतुडे काय असतात हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

ती नाहीशी झाल्यावर काय होते, हे मात्र अमेरिकेने फार महागात शिकले. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळे दिसली. ही बुरशी त्यांना हिवाळ्याच्या झोपेतून पुनःपुन्हा उठवते. साठवलेली चरबी संपते आणि ती उपासमारीने मरतात. लाखो मेली. एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञाने २०२४ मध्ये त्याचा हिशेब मांडला. जिथे हा रोग पोचला, तिथल्या शेतकऱ्यांनी किड्यांसाठी कीटकनाशके सरासरी ३१ टक्क्यांनी जास्त फवारली. आणि त्याच भागांत, अपघात सोडून, वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. हा आकडा मी दोनदा वाचला. रात्री फुकट काम करणारा शेजारी गेला, त्याचे काम विषाने केले, आणि ते विष पाळण्यापर्यंत पोचले.

मग माझी भीती अगदीच खोटी होती का? तसे म्हणणेही खरे नाही. कोविडच्या विषाणूचे जवळचे भाऊबंद नालनाकी वटवाघळांत सापडले आहेत. महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत, मुख्यतः फळे खाणाऱ्या, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या. तेव्हा वटवाघूळ उघड्या हाताने धरू नये, चावले तर जखम धुऊन ताबडतोब डॉक्टरकडे जावे, लेंड्या झाडताना त्यांवर पाणी शिंपडून नाक-तोंड बांधावे. अजिंठ्याच्या चित्रांना त्यांच्या मलमूत्राने इजा झाली आहे, तिथे त्यांना रोखायलाच हवे. घरातून घालवायचीच असतील, तरी पिल्ले नाहीत हे पाहून फटीवर सैल जाळी सोडतात. बाहेर पडता येते, आत येता येत नाही. फट बुजवायची ती सगळी गेल्यावर. पण ओटीवर बसून त्यांना पाहिल्याने कुणाला कोविड झाला नाही. कोविड आम्हाला झाला, तो माणसांकडून.

२०२३ च्या शाकारणीला काकूने त्याच गड्याकडून सिमेंट फोडून घेतले. या वेळी तिनेही मला विचारले नाही. त्या साली नाही, पुढच्या साली नाही, फट रिकामीच राहिली. त्या वर्षांत डास वाढले असे काकू म्हणते. मी मोजलेले नाहीत.

गेल्या दिवाळीत गेलो होतो. सकाळी काकूने हाक मारून भिंतपाख्याखाली नेले. चिऱ्याच्या कठड्यावर तांदळाएवढे तीन काळे दाणे पडले होते. मी म्हटले, "काकू, उंदराच्या असतील." तिने पानाचा तुकडा तोडला, त्यात एक दाणा धरून चिमटीत दाबला. उंदराची लेंडी वाळली की कडक होते, अशी चुरडत नाही. हिची भुकटी झाली. उन्हात धरली तर चमकत होती.

मी केरसुणी आणायला वळलो, तर ती म्हणाली, "राहू दे आज. संध्याकाळी बघू."

संध्याकाळी आम्ही दोघे पायरीवर बसलो. घड्याळ आता बॅटरीचे आहे, ते बिनचूक चालते. तरी काकूने दिवा लावायचा थांबवून ठेवला होता.